ज्योत्स्नाच्या मापाची सायकल

८ जून, रविवार

ज्योत्स्नाने सायकल मागितली! आमच्या ज्योत्स्नाने! लग्नाला वीस वर्षं होत आली. छपरीत माझ्या चार सायकली टांगलेल्या, त्यांना ती आजवर 'तुमच्या चार बायका' म्हणत आली. आणि आज सकाळी चहा ठेवता ठेवता म्हणते, "मलेबी एक गिअरवाली बांधून द्या. यंदा दसऱ्याले मी सायकलनंच नागपूरले येईन."

मी पेपर खाली ठेवला. आई तांदूळ निवडत होती, ती म्हणाली, "उनानं डोक्सं फिरलं काय इचं?" ज्योत्स्ना हसली नाही. म्हणाली, "मस्करी नाई करून राह्यली."

आमच्या विहारातली दहा-बारा मंडळी दरवर्षी दसऱ्याला सायकलने दीक्षाभूमीवर जातात. मीही जातो. ज्योत्स्ना आईला घेऊन एसटीने येते आणि वर माझे पाय दाबत टोमणे मारते. मागच्या आठवड्यात तिच्या दवाखान्यातल्या सिस्टर लोकांचं नागपूरला दोन दिवस ट्रेनिंग होतं. तिथं कुणी सायकलवाली भेटली असणार. कुणी का असेना, तिचं भलं होवो.

दुपारीच माप घेतलं. भिंतीला पाठ लावून उभी केली, दोन्ही पायांच्या मध्ये जाड वही धरायला लावली, खडूने खूण केली. हात, खांदे, सगळं. पाय लांब, धड आखूड. बाजारची कुठलीच सायकल हिला बसणार नाही. मी बांधीन तीच बसेल.

१० जून

राकेशच्या दुकानात गेलो. शाळेपासूनचा दोस्त, सायकलचे सुटे भाग विकतो, पण स्वतः स्कूटरवर फिरतो. त्याच्या माळ्यावर स्टीलची एक जुनी फ्रेम पडून होती. निळी, बारीक नळ्यांची. मी तीच धरून बसलो.

"भाऊ, वहिनीले हलकी घे ना, ॲल्युमिनियमची."

त्याला सांगून उपयोग नाही. लोक सायकल उचलून बघतात, बसून बघत नाहीत. स्टील थोडं लवतं, रस्त्याचा दणका अर्धा स्वतःच खातं. सेलूपर्यंत जाऊन आलं की कंबर सांगते फ्रेम कशाची आहे ते.

१५ जून, रविवार

सीटचं माप. पुठ्ठ्यावर बसवलं ज्योत्स्नाला. बसल्यावर पुठ्ठ्याला बुडाच्या हाडांचे दोन खड्डे पडतात, त्यांच्यातलं अंतर म्हणजे सीटची रुंदी. आई दारात उभी राहून बघत होती. "हे असलं माप शिंपीबी नाई घेत बाप्पा," म्हणाली आणि आत गेली. ज्योत्स्ना इतकी हसली की पुठ्ठा फाटला, दुसरा आणावा लागला.

लोकांना वाटतं गादीची सीट म्हणजे आराम. गादीत माणूस रुततो आणि तासाभरात बधिर होतो. कडक पण मापाची सीट हवी. हे मी वर्षानुवर्षं सांगतोय, कुणी ऐकत नाही. ज्योत्स्नाने ऐकलं. आज सगळंच ऐकत होती.

२२ जून

सायकल उभी झाली. मागे आठ गिअर, चढाला पाय दुखू नयेत म्हणून सगळ्यात मोठी चकती कढईच्या झाकणाएवढी. हँडल खाली वळलेलं. आई म्हणते, "बोकडाच्या शिंगावानी दिसते."

ज्योत्स्ना दिवसभर छपरीत पाटावर बसून होती. नट मागितला की नट, कपडा मागितला की कपडा. पण बघत होती माझ्याकडेच. म्हटलं, "सायकलकडे बघ, उद्या पंक्चर झाली तर काय करशील?" म्हणाली, "तुमी हाय ना." हिला झालंय काय? मला मात्र कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

२९ जून, रविवार

पवनार! जाऊन-येऊन! नदीच्या पुलावर थांबून चहा घेतला. उतारावर ती माझ्या पुढे गेली, ओढणी कमरेला बांधलेली, मागून ओरडलो तरी वेग कमी करीना. घरी आल्यावर काजलला होस्टेलवर फोन लावून सगळं सांगितलं. काजल म्हणाली, "आई, तू खरंच?"

फक्त एक गोष्ट. उजव्या हाताची बोटं दमली म्हणाली. "बाकी काई नाई, हातच थकते." मला कळलंच. हँडल तिला दोन बोटं लांब पडतंय. धडाचं माप घेताना ती ताठ उभी होती, सायकलवर माणूस तसा राहत नाही. माझीच चूक.

१ जुलै

हँडल धरणारा स्टेम बदलला, आखूड घातला. छपरीतच बसवून बघितलं.

"आता?"

"बरं वाटते."

१३ जुलै

आज सेलूपर्यंत. वर्षावास लागलाय, संध्याकाळी विहारात वाचन असतं, म्हणून सकाळीच निघालो. येताना चढ लागला आणि ज्योत्स्नाला गिअरची पट्टी दाबता येईना. अंगठ्याने दाबते, दबत नाही. शेवटी डाव्या हाताने दाबली. असं करताना सायकल हेलकावे खाते, मागून ट्रक.

केबल जड झाली असणार. ओलाव्याने होतं. राकेशकडून नवी आणली, आतून तेल सोडलं. तो म्हणाला, "भाऊ, हात दाखव ना वहिनीचा एखाद्या डॉक्टरले." मी म्हटलं, डॉक्टर आराम करा म्हणतील आणि सायकल बंद पाडतील. आधी सायकल नीट करू दे. तीस वर्षं झाली मला या सायकलीच्या नादात, हँडलवर हाताची नस दबली की असंच होतं, शेकडो लोकांना होतं.

त्याने केबलचे पैसे गल्ल्यात टाकले. स्कूटरवाल्याने बोलूही नये.

१४ जुलै

नवी केबल. "बरं वाटते."

२७ जुलै

आई म्हणाली, "तिच्या हातून काल पाण्याचा गंज पडला. परवा पोळ्या म्या लाटल्या."

रस्त्याच्या थरथरीने हात थकत असणार. जाड टायर घातले, हवा कमी ठेवली. हँडलवर एकावर एक दोन थर टेप. आता हँडल लहान बाळाच्या मनगटासारखं गुबगुबीत दिसतंय. ज्योत्स्नाने हात फिरवला त्यावर, खूप वेळ. "मस्त हाय," म्हणाली. आणि मग, "बरं वाटते."

प्रत्येक वेळी बरं वाटतं, आणि आठ दिवसांनी परत तेच. या सायकलीत नेमकं काय आहे? माझ्या चार सायकलींनी मिळून मला इतकं छळलं नाही.

१५ ऑगस्ट

सकाळी झेंडावंदनाला जायचं म्हणून पांढरी साडी नेसली. खांद्याची पिन लावून द्या म्हणाली. वीस वर्षांत कधी सांगितलं नाही. पिन लावताना तिचा हात खांद्यावर होता आणि मला दिसलं — अंगठ्याच्या बुडाशी जिथं मांस असतं तिथं खड्डा. दुसऱ्या हाताला नाही.

"हे कधीपासून?"

"वय झालं आता," म्हणाली.

दुपारभर मोबाईलवर वाचलं. तळव्याच्या कडेवर भार पडला की असं होतं म्हणे. सायकलवाल्यांचे फोटोही होते. म्हणजे हँडल अजून खाली आहे. तीन बोटं वर घेतलं. आता ती खुर्चीत बसल्यासारखी बसते. शर्यतीची सायकल राहिलीच नाही ती. नसू दे.

२४ ऑगस्ट, रविवार

पडली. पवनारच्या पुलाअलीकडे उतार आहे. समोर म्हशी आल्या, मी ब्रेक दाबला, मागे वळून बघतो तर ही तशीच येतेय. हात ब्रेकवर आहे, दाबतेय, आणि सायकल थांबत नाही. रस्त्याच्या कडेला उतरवली तिने, विजेच्या खांबाला हँडल लागलं. मी नोकरी करतो त्याच वीज खात्याचा खांब. गुडघे सोलले, बाकी काही नाही. म्हशीवाला म्हणाला, "बाई, बिरेक नाई काय गाडीले?"

ज्योत्स्ना खाली बसून हसत होती. मला हसू येईना. घरी येऊन पाना भिंतीवर फेकला, पोपडा निघाला. आई घाबरली. मी कुणावर चिडलो तेच मला कळत नव्हतं.

२५ ऑगस्ट

सगळं उघडून पाहिलं. केबल स्वच्छ. स्प्रिंग नरम. तो ब्रेक माझ्या करंगळीने दाबला जातो.

२७ ऑगस्ट

करंगळीने.

३० ऑगस्ट

तिला म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. वाद घालेल वाटलं होतं. म्हणाली, "चला. नागपूरले एक चांगले हायेत, मले माहीत हाय." नर्स असल्याचा हा फायदा. राकेशला फोन करून गाडी मागितली. 'मी सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

६ सप्टेंबर

नागपूरहून आत्ताच आलो. ज्योत्स्ना विहारात वाचनाला गेली आहे. आजसुद्धा. आईसोबत.

लिहितो. हातात सुया टोचून करंट देतात ती तपासणी. मला आत घेतलं नाही. मग डॉक्टरांनी बोलावलं. मेंदूकडून स्नायूंना निरोप नेणाऱ्या नसा सुकत चालल्यात. हातापासून सुरुवात. पुढे दुसरा हात, पाय, मग बोलणं, गिळणं, श्वास. कुणाला हळू, कुणाला लवकर. थांबवता येत नाही. एक गोळी आहे, तिने वेग थोडा कमी होतो. थोडा म्हणजे किती विचारलं, तर त्यांनी पेन खाली ठेवलं.

सायकलीमुळे झालं का, हे विचारलं. दोनदा विचारलं. नाही म्हणाले, सायकलीचा काही संबंध नाही. सायकल नीट केल्यानेही काही झालं नसतं.

त्यांनी तिला कधीपासून, कसं, काही विचारलं नाही. सगळं माझ्याशीच बोलले, ती खिडकीबाहेर बघत बसली होती. या डॉक्टरांची ही सवयच, बाईचा आजार नवऱ्याला सांगायचा. मला राग आला त्याचा. कशाचा तरी यायलाच हवा होता.

येताना बुटीबोरी मागे पडली. मग तिने विचारलं, "भूक लागली काय तुमाले?"

८ सप्टेंबर

जून, जुलै, ऑगस्ट. मी टायर बदलत बसलो. तिचा हात सुकत होता आणि मी त्याला टेप गुंडाळत होतो. गल्लीतल्या कुणालाही दिसलं असतं. आईला दिसलं, राकेशला दिसलं. मला दिसली ती केबल.

९ सप्टेंबर

ऑफिसला गेलो नाही.

१२ सप्टेंबर

म्हटलं, सायकल राकेशला देऊन टाकू. ज्योत्स्ना एकदम ताठ झाली. "काऊन? दसरा अजून झाला कुठी?"

"ज्योत्स्ना, तुझ्याने ब्रेक लागत नाही."

"डावा हात हाय ना. डाव्या हाताले सगळं लावून द्या."

मी ब्रेकच्या पट्ट्यांकडे बघत राहिलो. ती म्हणाली, "येत नाई काय तुमाले?"

येतं. येत का नाही! हे मात्र खरंच येतं मला.

१८ सप्टेंबर

एक पट्टी, दोन ब्रेक. डाव्या हाताने दाबलं की एकाच पट्टीतून दोन केबल ओढल्या जातात, पुढची-मागची दोन्ही चाकं धरतात. गिअरही डावीकडे आणला, बोट वाकवावं लागू नये अशी उभी दांडी. उजव्या हाताला नुसती टेकायला गुबगुबीत जागा. राकेश दोन दिवस दुकान बंद करून छपरीत बसला माझ्यासोबत. एकदा म्हणाला, "अशी सायकल म्या पाह्यली नाई भाऊ." मग नाक पुसायला रस्त्यावर गेला.

इतकी चांगली सायकल मी आजवर बांधली नाही. लिहून ठेवतो, कारण हे कुणाला सांगायची लाज वाटते.

२१ सप्टेंबर

पवनार. म्हशी होत्या. थांबली.

२८ सप्टेंबर

डाव्या हाताची करंगळी आज चहाच्या कपाला लागत नव्हती. तिने कप खाली ठेवला. मी बघितलं हे तिने बघितलं. काजलला अजून सांगितलेलं नाही. "परीक्षा होऊ द्या तिची," म्हणते.

२ ऑक्टोबर, दसरा

अंधारातच निघालो. सगळे पांढऱ्या कपड्यांत, हँडलला निळे झेंडे. ज्योत्स्नाला मध्ये घेतलं होतं, मी तिच्या उजव्या बाजूला, ट्रककडून. मागे सामानाची पिकअप, तिच्यात आई. सेलू गेलं. उजाडलं. केळझरला नाश्ता केला. ज्योत्स्नाने आलुबोंडा हातात धरायचा प्रयत्न केला नाही, मी तोडून दिला, आणि आमच्या लोकांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. चांगली माणसं आहेत.

सेलडोहच्या अलीकडे तिने डाव्या हाताने थांबवली सायकल. हळू, नीट थांबवली. म्हणाली, "आता धरल्या जात नाई."

"थोडं थांबू. पाणी पी."

"दोन्ही नाई धरल्या जात."

मग म्हणाली, "ओढणीनं हात बांधून द्या ना हँडलले. पाय चालतेत माह्ये."

मी ओढणी हातात घेतली. खरंच घेतली! मग पुढे रस्ता बघितला, पुलाचं काम, खडी, टिप्पर. बांधलेल्या हातांनी पडली तर? सायकलीकडे बघितलं. वरून खालपर्यंत बघितलं. बदलण्यासारखं काही उरलं नव्हतं तिच्यात. एक नट नाही. माझ्या खिशात पान्यांचा पूर्ण जुडगा होता.

"नाही बांधत," मी म्हटलं. ती हो म्हणाली.

पिकअपमध्ये सायकल आडवी टाकली, शेजारी ती बसली, आईने तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी पुढचा सगळा रस्ता पिकअपच्या मागे सायकल मारत गेलो. रडलो बहुतेक. वारा होता, कुणाला कळलं नाही.

नागपुरात दीक्षाभूमीच्या गर्दीआधीच ती उतरली. म्हणाली, "इथून पायी जाऊ." चाललो. लाखभर माणूस, आणि मी तिचा हात धरलेला. धरलेला म्हणजे मीच धरलेला. तिच्याकडून पकड नव्हती.

४ ऑक्टोबर

ज्योत्स्नासोबत काम करणारी सुलोचना सिस्टर घरी भेटायला आली होती. फाटकापर्यंत सोडायला गेलो. डोळे पुसत म्हणाली, "जूनच्या टरेनिंगले ज्योत्स्ना आलीच नाई जी. दोन्ही दिवस त्या डॉक्टरकडंच होती. तुमाले तं तवाच सांगतलं असन ना तिनं?"

मी हो म्हटलं.

आधी डॉक्टर. मग घरी येऊन सायकल मागितली. स्टेम बदलला तेव्हा तिला माहीत होतं, टायर, टेप, सगळ्याच्या वेळी माहीत होतं. मला राग आला, खूप आला, फाटकाची कडी धरून उभा राहिलो. मग आत आलो. ती छपरीत पाटावर बसली होती. विचारलं नाही. विचारणारही नाही. पाना घेतला, सीट अर्धं बोट खाली घेतली, तिला धरून वर बसवलं, दोन्ही हात उचलून हँडलवर ठेवले.

"आता?"

"बरं वाटते," ज्योत्स्ना म्हणाली.